पिट्यूटरी काढायची, की जन्मजात बुटका उंदीर आणायचा?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू वडोदऱ्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेस आणि शेवटच्या वर्षाचा प्रबंध तुला वाढीच्या संप्रेरकावर, म्हणजे ग्रोथ हार्मोनवर करायचा आहे. एकांनी सुचवलं की रॅटची (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराची; खाली नुसतं 'उंदीर' म्हणते तो लहान, म्हणजे माउस) पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली संप्रेरकांची ग्रंथी, शस्त्रक्रियेने काढ. दुसऱ्यांनी सांगितलं की जन्मजात बुटके उंदीर मागव. यातलं काय बरं, हा तुझा प्रश्न. शेवटी तू असंही लिहिलंयस की तुझ्या मामेभावाला सध्या ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत आणि दांडिया बाजारातल्या घरी आजी विचारतात, "उंदराची उंची मोजून माणसाच्या पोराला काय मिळणार?"

मी बत्तीस वर्षं याच गावात अंतःस्रावी ग्रंथींवर काम केलं आणि त्यातली बरीचशी ॲनिमल हाउसमध्ये घालवली. सुरुवात आजींच्या प्रश्नापासून करते. तो जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजलं की तुझं उत्तर त्यातूनच निघेल.

आजींना आजव्याचं पाणी माहीत असेल. सयाजीरावांच्या काळात आजव्याला तलाव बांधला आणि तिथलं पाणी शहरात आलं. आता समज, एके सकाळी घरचा नळ कोरडा पडला. तलाव आटला असेल, पंप बंद पडला असेल, मधली पाइपलाइन फुटली असेल, किंवा सगळं ठीक असून तुमच्याच घराचा व्हॉल्व्ह बसला असेल. नळाकडे कितीही वेळ बघत बसलं तरी यातलं काय झालंय ते कळत नाही. मूल वाढत नाही, हीसुद्धा कोरड्या नळासारखीच खूण आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस एक संदेश पाठवतो, त्याला जीएचआरएच म्हणतात. तो पिट्यूटरीतल्या पेशींनी ऐकायचा, मग त्यांनी ग्रोथ हार्मोन रक्तात सोडायचं. ते यकृताला आणि हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्टीला पोचायचं, तिथे आयजीएफ-१ नावाचं, वाढीचा पुढचा निरोप देणारं प्रथिन तयार व्हायचं, आणि त्या कूर्चेतल्या पेशी वाढून हाड लांब व्हायचं. अडथळा या वाटेत कुठेही आला तरी बाहेरून दिसतं ते एकच, मूल लहान राहिलंय.

बुटक्या उंदरांच्या ज्या जाती गेल्या शंभर वर्षांत सापडल्या, त्यांचं मोल यातच आहे. प्रत्येक जातीत ही वाट नेमक्या एका ठिकाणी तुटलेली आहे आणि बाकी सगळं जागच्या जागी आहे. माणसाच्या मुलात आपण कुठलंही कनेक्शन तोडून बघू शकत नाही. निसर्गाने उंदरात ते तोडून ठेवलंय. कुठे तुटलंय ते ओळखायचं काम आपलं.

पहिली जात जॉर्ज स्नेल यांनी १९२९ मध्ये नोंदवली. एकाच अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच परिणाम दाखवणाऱ्या, जनुकामुळे आलेला बुटकेपणा. पुढे १९८० मध्ये याच स्नेलना नोबेल मिळालं, पण ते अवयव-प्रत्यारोपणाशी संबंधित जनुकांसाठी. त्यांच्या उंदरांचं पुढचं काम स्मिथ आणि मॅकडॉवेल यांनी १९३० मध्ये केलं. या उंदरांच्या पिट्यूटरीच्या पुढच्या भागात लालसर रंग घेणाऱ्या पेशीच नाहीत, हे त्यांनी दाखवलं. शिवाय रॅटच्या ताज्या पिट्यूटरीचे तुकडे त्यांनी रोज त्वचेखाली बसवले, तर बुटके उंदीर वाढू लागले. ग्रोथ हार्मोन शुद्ध स्वरूपात कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जनुक मात्र १९९० मध्ये सापडलं. त्याचं नाव पिट-१. हे जनुक बिघडलं की पिट्यूटरीतल्या तीन प्रकारच्या पेशी तयारच होत नाहीत: ग्रोथ हार्मोनच्या, दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या आणि थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचच्या. दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, याच जनुकातले दोष माणसांत सापडले. ज्या मुलांत ग्रोथ हार्मोनबरोबर थायरॉइडही कमी आणि प्रोलॅक्टिनही नाही, त्यांच्यात शोध कुठे घ्यायचा हे डॉक्टरांना उंदराने सांगितलं.

एम्स बुटका हा स्नेलचा चुलतभाऊ म्हण. तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एम्स गावी सापडला आणि १९६१ मध्ये नोंदवला गेला. त्याच्यात बिघाड आणखी एक पायरी आधी आहे. पिट-१ ला जागं करणारं जनुक बिघडलंय. त्याला नाव दिलंय प्रॉप-१, म्हणजे पिट-१ ची वर्दी देणारा. उंदरात ते १९९६ मध्ये सापडलं आणि १९९८ पर्यंत माणसांतही. आज अनेक देशांत, पिट्यूटरीची एकाहून जास्त संप्रेरकं जन्मजात कमी असलेल्या रुग्णांत सर्वाधिक वेळा सापडणारं दोषी जनुक हेच आहे.

आता आजींना सांगायची गोष्ट. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक लहानखुरा उंदीर सापडला, १९७६ मध्ये त्याची नोंद झाली आणि त्याला नाव मिळालं 'लिटल'. निरोगी भावंडाच्या साधारण दोन-तृतीयांश आकाराचा, अंग प्रमाणबद्ध. ग्रोथ हार्मोन टोचलं की तो वाढतो. हायपोथॅलॅमसचा संदेश, म्हणजे जीएचआरएच टोचलं, तर काहीच होत नाही. म्हणजे पिट्यूटरीत यंत्र आहे, पण तिला ऐकू येत नाही. १९९३ मध्ये कारण कळलं: जीएचआरएच ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरमध्ये साठाव्या जागी एक ॲमिनो आम्ल बदललंय. एवढाच बदल. मग संशोधकांनी विचार केला, असं माणसात असेल तर? १९९६ मध्ये एका भारतीय कुटुंबात, जिथे नात्यात लग्नं होत आली होती, किमान दोघांत याच रिसेप्टरचा दोष सापडला. बहात्तराव्या जागी "थांबा" अशी खूण आली होती आणि प्रथिन तिथेच अर्धवट संपत होतं. दोनच वर्षांनी सिंधमधल्या काही गावांतल्या ठेंगण्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातही बरोबर तीच जागा बिघडलेली. या पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३० सेंटिमीटर. अंगाने प्रमाणबद्ध आणि बुद्धीने अगदी तुमच्याआमच्यासारखी माणसं. पिढ्यान् पिढ्या त्या गावांत असं का होतंय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते ज्या वाटेने मिळालं ती वाट एका उंदराने दाखवली होती.

आणि असा दोष लहान वयात कळला, तर ग्रोथ हार्मोनचा उपयोग होतो, कारण वाट फक्त ऐकण्याच्या जागी तुटलीय, पुढचा सगळा मार्ग शाबूत आहे. आजींना एवढंच सांग: कुठल्या पोराला इंजेक्शन लागू पडेल आणि कुठल्याला पडणार नाही, हे ओळखायला उंदराने शिकवलं.

लागू न पडणारी मुलंही असतात. झ्वी लॅरॉन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अशी भावंडं वर्णन केली, ज्यांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर होतं, तरी ती वाढत नव्हती. आजव्याचं पाणी येतंय, घरचा व्हॉल्व्हच बंद. ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टर नाही. इथे क्रम उलटा झाला, आधी माणूस आणि मग उंदीर. असा उंदीर १९९७ मध्ये मुद्दाम रिसेप्टर काढून तयार केला गेला. अशा मुलांना ग्रोथ हार्मोन देऊन काही होत नाही, पुढच्या पायरीचं आयजीएफ-१ द्यावं लागतं.

(हे उंदीर फार जगतात, असं तू कुठेतरी वाचशील. ते खरं आहे. रिसेप्टर नसलेला एक उंदीर पाच वर्षांना आठवडाभर कमी एवढा जगला; साधा उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. पण त्यावरून माणसाच्या आयुष्याबद्दल घाईने काही लिहू नकोस. ब्राझीलमधल्या इताबैयानिन्या गावी लिटल उंदरासारखाच दोष असलेली बरीच माणसं आहेत, त्यांचं आयुर्मान इतरांसारखंच आहे.)

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. शस्त्रक्रियेने पिट्यूटरी काढायची पद्धत या सगळ्याचा पाया आहे, हे मी नाकारत नाही. फिलिप स्मिथ यांनी रॅटमध्ये घशाच्या बाजूने आत जाऊन मेंदूला धक्का न लावता पिट्यूटरी काढण्याची पद्धत बसवली आणि १९३० मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. त्यावर उभी राहिलेली टिबिया चाचणी पुढे अनेक वर्षं चालली. पिट्यूटरी काढलेल्या रॅटला चार दिवस पिट्यूटरीचा अर्क टोचायचा, नडगीचं हाड उभं चिरायचं, सिल्व्हर नायट्रेटने रंगवायचं आणि वरच्या टोकाच्या कूर्चेच्या पट्टीची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. पट्टी जितकी रुंद, अर्कात तितकं ग्रोथ हार्मोन. १९५७ मध्ये सॅमन आणि डॉगडे यांनी याच रॅटकडून फार मोठी गोष्ट शिकून घेतली. पिट्यूटरी नसलेल्या रॅटची कूर्चा बशीत ठेवून वर ग्रोथ हार्मोन टाकलं, तर ती फारशी हलत नाही. निरोगी रॅटचं सीरम टाकलं तर कामाला लागते. म्हणजे मध्ये आणखी कुणीतरी आहे. त्यालाच आज आपण आयजीएफ-१ म्हणतो. मग १९८२ मध्ये ईसाकसन यांच्या गटाने अशाच रॅटच्या एकाच पायाच्या कूर्चेत थेट ग्रोथ हार्मोन टोचलं आणि तोच पाय जास्त वाढला. म्हणजे हार्मोन जागेवरही काम करतं, सगळं यकृतातूनच जातं असं नाही. १९९९ मध्ये यकृतातलं आयजीएफ-१ बंद केलेले उंदीर तयार झाले. रक्तातलं आयजीएफ-१ सुमारे तीन-चतुर्थांशाने घटलं, तरी ते जवळपास नेहमीसारखेच वाढले. मला हा सगळा क्रम फार आवडतो. रॅटने एक शंका काढली, रॅटनेच ती अर्धी सोडवली आणि उरलेली उंदराने पुरी केली.

तरीही तू ही शस्त्रक्रिया करू नकोस. मी ती केली आहे, शेकड्यांनी केली आहे, म्हणून सांगते. हात बसायला पहिले सहा महिने जातात आणि त्या सहा महिन्यांत जे प्राणी मरतात, त्यांनी आपल्याला विज्ञानातलं काहीच दिलेलं नसतं. नंतरही प्रश्न राहतात. पिट्यूटरीचा इवलासा तुकडा आत राहिला तरी रॅट वाढत राहतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे रोज वजन घ्यायचं आणि ते सपाट राहिलं तरच तो प्राणी प्रयोगात घ्यायचा, आणि शेवटी कवटीतला खळगा उघडून बघायचा. शिवाय पिट्यूटरी गेली की ग्रोथ हार्मोन एकटं जात नाही. थायरॉइड खाली येतो, अधिवृक्क ग्रंथी सुकते, बीजांडं आणि वृषणं निजतात. अशा प्राण्याला पहिले काही दिवस ग्लुकोजचं पाणी द्यावं लागतं, नाहीतर साखर उतरून तो रात्रीत जातो. तुझा प्रश्न ग्रोथ हार्मोनबद्दल आणि तू काढून टाकलंस मात्र सगळं घर. तुझ्या प्रबंधाच्या प्रश्नाला हे उत्तर जुळत नाही. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीनेही तुला हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि विचारला तर तो अगदी रास्त असेल.

मग जन्मजात बुटके? तत्त्वतः हो. तरी कुठले, हे आधी ठरव. स्नेल किंवा एम्समध्ये थायरॉइडचीही कमतरता आहे. ते सुस्त का, थंडीने का कुडकुडतात, चरबी का साठते, यातलं कशाचं खापर ग्रोथ हार्मोनवर फोडायचं आणि कशाचं थायरॉइडवर, हे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, देऊन वेगळं केल्याशिवाय सांगता येत नाही. फक्त ग्रोथ हार्मोन हवं असेल तर लिटल उंदीर, किंवा जपानमध्ये स्प्राग-डॉली रॅटांत सापडलेली बुटकी जात, ज्यात ग्रोथ हार्मोनचं जनुकच बिघडलंय. नाहीतर इंग्लंडमधली लुईस बुटकी ही रॅटांचीच जात, जिच्या पिट्यूटरीत ग्रोथ हार्मोन अगदी थोडं असतं आणि बाकीची संप्रेरकं ठीक असतात.

मी स्नेल उंदीर एका परदेशी प्रयोगशाळेत वर्षभर सांभाळले. पहिल्यांदा हातात घेतला तो क्षण अजून आठवतो. पूर्ण वाढलेला नर, वजन आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून जरासंच जास्त. तोंड आखूड, कान लहान, शेपूट आखूड, आणि तळहातावर तो पळायचा नाही, चारी पाय पोटाखाली घेऊन ऊब शोधायचा. जन्मले तेव्हा हे सगळे इतर पिल्लांएवढेच होते. गर्भातल्या वाढीला ग्रोथ हार्मोन लागत नाही, म्हणून फरक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतो. तेव्हाच खरी काळजी घ्यायची. इतर पिल्लांना एकविसाव्या दिवशी आईपासून तोडतात, बुटक्यांना आणखी काही आठवडे आईजवळ ठेवावं लागतं, आणि नंतरही एखादी थोराड निरोगी बहीण पिंजऱ्यात सोबत हवी, म्हणजे तिच्या कुशीत ते ऊब घेतात. पेलेट, म्हणजे खाद्याच्या कडक गोळ्या, भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायचे, पाण्याच्या बाटलीची नळी खाली ओढायची. हे सगळं केलं नाही तर बुटका उंदीर उपाशी आणि गारठलेला राहतो, आणि आपण त्याचं गारठणं मोजून "ग्रोथ हार्मोनच्या अभावाचा परिणाम" असं लिहून मोकळे होतो. उंदराला स्वतःला ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं; एसी आपण आपल्या सोयीने २२ वर लावतो. कापूस आणि भरपूर भुसा दिलास की फरक तुझ्या वजनाच्या वहीतच दिसेल.

पण गणित करून बघ. स्नेल आणि एम्सच्या माद्यांना प्रोलॅक्टिन नाही, त्यांच्यापासून पिल्लं होत नाहीत. म्हणून वाहक आई-बाप लावायचे आणि चारातलं एक पिल्लू बुटकं निघेल अशी वाट बघायची. आठ-आठ प्राण्यांचे तीन गट हवेत म्हणजे २४ बुटके, म्हणजे शंभरेक पिल्लं, म्हणजे तेरा-पंधरा वेतं. उरलेल्या पंचाहत्तर पिल्लांचं काय करणार, तेही समितीला लिहून द्यावं लागतं. शिवाय परदेशातून जात आणायची तर परवाना, क्वारंटाइन, पैसे. तुझं वर्ष तिथेच संपेल.

म्हणून माझा सल्ला तिसराच आहे. साध्या विस्टार रॅटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातीवर, काम कर आणि थायरॉइडच्या वाटेने ग्रोथ हार्मोनला गाठ. रॅटमध्ये ग्रोथ हार्मोनचं जनुक चालायला थायरॉइडचं संप्रेरक लागतं. प्रोपिलथायोयुरॅसिल पिण्याच्या पाण्यातून काही आठवडे दिलं की थायरॉइड बंद पडतो, पिट्यूटरीतलं ग्रोथ हार्मोन जवळपास नाहीसं होतं आणि वाढ थांबते. थायरॉक्सिन दिलंस की सगळं परत येतं. यात चीरफाड नाही, आणि जाणं आणि परतणं दोन्ही एकाच प्राण्यात बघायला मिळतं. पिट्यूटरीचे छेद घे, ग्रोथ हार्मोनच्या पेशी रंगवून मोज, नडगीची पट्टी मोज. एम.एस्सी.ला एवढं पुष्कळ आहे. समितीची परवानगी यालाही लागेल, सीसीएसईएची (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीची) नोंदणी असलेल्याच ठिकाणाहून प्राणी घ्यावे लागतील, हे गृहीत धर.

एक खाच यातही आहे. औषधाचं पाणी कडू लागतं, रॅट कमी पितो आणि थायरॉइड उतरला की खातोही कमी. म्हणून एक गट असा ठेव ज्याला औषध नाही, पण तो रोज तेवढंच खाईल जेवढं औषधवाल्यांनी आदल्या दिवशी खाल्लं. हा गट नसेल तर तुझा सगळा प्रबंध उपासमारीवरचा प्रबंध आहे.

हे मी इतकं ठासून का सांगते, त्यामागे एक पिल्लू आहे. आमच्याकडे रॅटच्या एका मादीला चौदा पिल्लं झाली. चोविसाव्या दिवशी सगळी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या घरात, एक मात्र बावीसवर अडकलेलं. आमचे अटेंडंट काका ट्रे घेऊन आले आणि म्हणाले, "बेन, आ बच्चुं वधतुं ज नथी." (ताई, हे पिल्लू वाढतच नाही.) खोलीत एकदम उत्साह पसरला. वडोदऱ्याची स्वतःची बुटकी जात! कुणी नावही सुचवलं. मीही दोन दिवस झोपले नाही. तिसऱ्या दिवशी काकांनीच पिल्लाचं तोंड उघडून दाखवलं. खालचे दोन दात वाकडे वाढले होते आणि वरच्यांना लागतच नव्हते. त्याला पेलेट कुरतडताच येत नव्हतं. दात कापले, पेलेट भिजवून बशीत दिले. दोन आठवड्यांत त्याचं वजन तिपटीवर गेलं. त्याच आई-बापांची पुढची दोन वेतं तपासली, एकही लहान नाही. तेव्हापासून माझ्या खोलीत नियम होता: लहान दिसलं की आधी दात, मग पोट, मग वेतात किती पिल्लं होती ते, आणि मग जनुक. वेत मोठं असेल तर जन्मानंतर लगेच आठ पिल्लं आईजवळ ठेवून बाकीची दुसऱ्या दूध देणाऱ्या मादीकडे द्यायची, म्हणजे दुधावरून होणारा फरक निघून जातो.

आणखी एक. एका मे महिन्यात रात्री एसी बंद पडला. दुरुस्तीचं काम ज्यांच्याकडे होतं ते दोन दिवसांनी आले. आपल्याकडचा ४२-४३ अंशांचा मे तुला माहीत आहे. त्या आठवड्यात आमच्या प्रत्येक प्राण्याच्या वजनाची रेघ खाली वाकली, निरोगी असो की नसो. निरोगी गट त्याच खोलीत, त्याच रॅकवर होता म्हणून प्रयोग वाचला. शेजारच्या खोलीत असता तर सहा महिन्यांचं काम फेकून द्यावं लागलं असतं. तू गट रॅकच्या वेगवेगळ्या खणांत मिसळून ठेव. वरच्या खणात गरम असतं, खालच्यात गार.

रक्तातलं ग्रोथ हार्मोन मोजायचा मोह होईल. नर रॅटमध्ये ते दर तीनेक तासांनी उसळतं आणि मध्ये जवळजवळ शून्यावर असतं. एका थेंबात तुला शिखर मिळालं की दरी, हे नशिबावर. त्यातून रॅटला पकडलं की घाबरून त्याचं ग्रोथ हार्मोन दबतं. माणसात नेमकं उलटं, ताणाने ते वाढतं. म्हणून रक्तात आयजीएफ-१ मोज, ते दिवसभर स्थिर असतं. आणि ग्रोथ हार्मोन देऊन बघायची वेळ आली तर औषधाच्या दुकानात मिळणारं माणसाचं हार्मोन उंदराला टोचू नकोस. उंदरात ते प्रोलॅक्टिनच्या रिसेप्टरलाही चिकटतं. तुला वाटेल ग्रोथ हार्मोनचा परिणाम, आणि निम्मा असेल प्रोलॅक्टिनचा. रॅटचंच हार्मोन मिळव.

उंदीर आणि माणूस यांत फरक आहे, हे आजींचं म्हणणं इथे पुरेपूर खरं ठरतं. १९४० च्या दशकात गायीबैलांच्या पिट्यूटरीतून शुद्ध ग्रोथ हार्मोन काढलं, पिट्यूटरी काढलेल्या रॅटला दिलं, रॅट छान वाढले. मग तेच मुलांना दिलं, तर काहीच झालं नाही. माणसाच्या आणि माकडाच्या शरीराला माणसाचं किंवा माकडाचंच हार्मोन चालतं. रॅटने "हो" म्हटलं होतं आणि ते उत्तर माणसासाठी चुकीचं निघालं. म्हणून १९५८ पासून मृत माणसांच्या पिट्यूटरीतून काढलेलं हार्मोन मुलांना द्यावं लागलं, आणि त्यातून काहींना वर्षांनंतर क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला. १९८५ मध्ये ते थांबवलं गेलं आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं हार्मोन अमेरिकेत वापरात आलं. तुझ्या मामेभावाला जे मिळतंय ते हेच, प्रयोगशाळेत तयार केलेलं. मृत माणसाच्या ग्रंथीतलं त्यात काही नाही, आजींना हे आवर्जून सांग, त्यांच्या मनात ती भीती असू शकते.

फरक आणखीही आहेत. रॅटच्या हाडांच्या टोकांची कूर्चा वयात आल्यावरही लगेच मिटत नाही, आपली मिटते. उंदराकडे ग्रोथ हार्मोनचं एकच जनुक, आपल्याकडे त्याच कुळातली पाच रांगेने. म्हणून रॅटवर मिळालेले महिने आणि ग्रॅम माणसाला जसेच्या तसे लावू नकोस. वाट कुठे तुटली हे उंदीर सांगतो, ती किती वेगाने दुरुस्त होईल हे तो सांगत नाही.

मामेभावाबद्दल तू विचारलं नाहीस, पण ओघात सांगते. कुणी फक्त एकदा रक्त घेऊन ग्रोथ हार्मोन "कमी आहे" म्हणालं असेल, तर ते पुरेसं नाही. रॅटच्या बाबतीत सांगितलं तेच कारण. म्हणूनच डॉक्टर क्लोनिडिनसारखं औषध देऊन ठरावीक वेळाने अनेकदा रक्त घेतात. त्याआधी थायरॉइड, पोटातलं शोषण, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक आजार, हे बघितलं गेलं का, एवढं विचारून घ्या. ही माझ्या पिल्लाच्या दातांसारखीच पायरी आहे. तुमच्या घराच्या चौकटीवर आजींनी नातवंडांच्या उंचीच्या खुणा पेन्सिलीने केल्या असतील, जुन्या वाड्यांत सगळीकडे असतात. त्या डॉक्टरांना दाखवा. एका खुणेपेक्षा दोन खुणांमधलं अंतर जास्त सांगतं. चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी मूल वर्षाला चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर ते तपासायलाच हवं. इंजेक्शनं सुरू झाल्यावरही तीच चौकट वापरा, दर तीन महिन्यांनी, सकाळच्या वेळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून.

आणि तू, समितीचा फॉर्म भरण्याआधी, नुसत्या निरोगी विस्टारच्या दोन वेतांची जन्मापासून दूध तोडेपर्यंतची रोजची वजनं एका वहीत लिही. जन्माला पाच-सहा ग्रॅम, एकविसाव्या दिवशी चाळीस-पन्नास, अशी रेघ यायला हवी. तुमच्या ॲनिमल हाउसमध्ये ती तशी येते का, ते आधी बघ. मग ती वही घेऊन ये, गट कसे पाडायचे ते आपण बसून ठरवू.